माझ्या नावावरचा तुझा इको

ताई,

काल तुझा जलदानविधी झाला. भंतेजींनी गाथा म्हटल्या, माणसं जेवली, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. आज बदलापूरच्या तुझ्या घरात दाजी आणि मी, दोघंच होतो. तुझ्या पल्लवीला मुद्दाम शाळेत पाठवलं. घरात असली की पोर नुसती दाराकडे बघत बसते. माझी दोन दिवसांची रजा उरली आहे आणि ती झोपून काढायची असं मी ठरवलं होतं. पंधरा दिवस हॉस्पिटलच्या बाकावर काढल्यावर माणसाला रडू येण्याआधी झोप येते. तुला राग येणार नाही, म्हणून सांगते.

पण दाजींनी कपाटावरून तुझ्या रिपोर्टांची पिशवी काढली. ठेवायची की टाकायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्या पिशवीवरून बोलता बोलता ते एक गोष्ट बोलून गेले आणि तेव्हापासून मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडते आहे. ती गोष्ट सांगते, पण आधी मला सगळं पहिल्यापासून आठवू दे. डोकं फार दमलंय, मधूनच काही सुचत नाही.

लहानपणी तुझे गुडघे सुजायचे, ताप यायचा, आणि आई म्हणायची वाढीचं दुखणं आहे. तू काही फार वाढली नाहीस, दुखणं तेवढं वाढलं. मोठेपणी अंबरनाथ स्टेशनचा पूल चढताना तू मध्येच थांबायचीस आणि चपलेत खडा गेलाय असं दाखवायचीस. एकाच चपलेत इतके खडे कसे जातात ग, असं मी विचारलं की मला चिमटा काढायचीस. शेवटी बाबांच्या कारखान्यातल्या डॉक्टरांनी तुझ्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, हृदयाच्या झडपेत दोष वाटतो, तपासून घ्या.

नेमकं त्याच महिन्यात दाजींचं स्थळ आलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, होकाराचा निरोप यायचा होता. झडप तपासायची म्हणजे तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जायचं, भरती व्हायचं, मांडीतून तार घालून ती हृदयापर्यंत न्यायची. चार दिवस मुलगी घरात दिसली नाही की अख्ख्या बिल्डिंगला कळणार. मग कुणीतरी बाबांना सांगितलं, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका डॉक्टरांनी नवीन मशीन आणलंय. कापाकापी नाही, भरती नाही, छातीवर यंत्र फिरवतात आणि आतलं हृदय टीव्हीवर दिसतं, इको म्हणतात त्याला. त्या मशीनचं बाबांना सगळ्यात काय आवडलं असेल, तर कुणाला कळत नाही हे.

त्या इमारतीत खाली बाळंतपणाचं हॉस्पिटल आणि वर हार्टचा दवाखाना होता. आपण तिघं काउंटरपाशी उभे होतो. बाईने रजिस्टर उघडून "नाम बोलो" म्हटलं आणि तेवढ्यात जिन्यातून दाजींच्या विठ्ठलवाडीच्या काकू वर आल्या. त्या खालच्या हॉस्पिटलात आया आहेत हे आपल्याला कुठे माहीत होतं? आठवड्यापूर्वीच तर आपल्याकडे पोहे खाऊन गेल्या होत्या.

"अगबाई, तुम्ही इकडे कुठे?"

बाबा जन्मात खोटं बोलले नाहीत असं आई नेहमी सांगते. पहिल्यांदाच बोलत होते म्हणून असेल, फार मोठ्याने बोलले. "धाकटीला आणलंय. संध्याला. हिला धाप लागते हो."

काउंटरवरच्या बाईने माझं नाव लिहून टाकलं. मी तिथे वेणी चावत उभी, छाती लोहाराच्या ऐरणीसारखी धडधाकट. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढीशी पोर, हिला कुठून लागलं हे," म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. वाईट बाई नव्हती ती, ताई. वाईट असती तर चार दिवस बोलली असती आणि विसरली असती.

काकू खाली गेल्यावर आपण आत गेलो. खोलीत अंधार होता. तुला डाव्या कुशीवर झोपवलं, गार जेली लावली. डॉक्टर सिंधी, गोल चेहऱ्याचे. साबणाच्या वडीएवढं यंत्र तुझ्या बरगड्यांवरून फिरवत होते आणि छोट्याशा काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मुंग्यांमध्ये काहीतरी उघडझाप करत होतं. "संध्या बेटा, साँस छोड़ो. अब रोको." तू माझ्या नावाने श्वास रोखून धरलास. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ये दरवाज़ा है. पूरा खुलना चाहिए, नहीं खुलता. पहले ये देखने को तार डालनी पड़ती थी, अब ऊपर से दिख जाता है." तू मान वळवून बघत होतीस. बाहेर आल्यावर मी विचारलं, भीती वाटली का ग? तर म्हणालीस, "अगं, केवढं काम करतंय ते बिचारं! मला कधी कळलंच नाही."

तुझं लग्न झालं आणि तिथून सगळी गंमत सुरू झाली. तेव्हा आपण तिला गंमतच म्हणायचो. तुझ्या लग्नात तुझ्या सासरच्या बायकांनी मला खुर्ची आणून दिली. करवली मी, पण मला ताटसुद्धा उचलू देईनात. "बस गं बाय, तुला झेपायचं नाय." मी बसले, आणि तू भरजरी शालू नेसून सगळ्यांच्या पाया पडत फिरत होतीस. खाली वाकलीस की उठताना तुझे ओठ पांढरे पडत होते. ते फक्त मला दिसत होतं.

पुढे मी बदलापूरला आले की हेच. मला खुर्ची, मला लिंबूपाणी, आणि तू खालच्या नळावरून कळशी घेऊन जिना चढणार. मी उठले की सासूबाई ओरडायच्या. एकदा मी चिडून तुझ्या हातातली कळशी ओढून घेतली, तर त्यांनी माझ्याकडून ती काढून परत तुला दिली. तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. मला हसू आलं नाही. तुझ्या सासरी मी कितीतरी वर्षं बसून होते आणि तू उभी होतीस, हे मला अजून नीट सहन होत नाही.

एक बरं होतं, दाजी पहाटेच उठून पाणी भरून ठेवायचे. शेजारीपाजारी त्यांना बायकोचा गुलाम म्हणायचे. ते म्हणायचे, व्यायाम होतो. दर तीन आठवड्यांनी तू इंजेक्शनसाठी अंबरनाथला यायचीस. सासूबाई म्हणायच्या, हिला माहेरची फारच ओढ. दाजी मात्र कधी का म्हणून विचारायचे नाहीत. मला वाटायचं, किती साधा माणूस मिळालाय हिला.

तुला सातवा महिना होता तेव्हा मला कल्याणचं स्थळ आलं. मुलगा टेलिफोन खात्यात होता. दोनदा घरी आला. दुसऱ्यांदा चहा झाल्यावर त्याने स्वतःचा कप उचलून आत नेऊन ठेवला. आई हे पुढे महिनाभर सांगत होती. त्यांचा होकार आला आणि मग आठ दिवसांनी निरोप आला, मुलाला एवढ्यात करायचं नाही. आपल्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळे नकाराला काहीतरी निमित्त शोधावं लागतं. खरं कारण मध्यस्थाने नंतर सांगितलं. मुलीच्या हृदयाला भोक आहे असं तुमच्याच व्याह्यांकडून कळलं, म्हणाला. काकू कुठल्याशा लग्नात त्यांना भेटल्या होत्या. कुणाची फसवणूक नको म्हणून त्यांनी कळवळून सांगून टाकलं होतं.

बाबा म्हणाले, "तुझा इको काढू. रिपोर्ट नेऊन त्यांच्यासमोर ठेवतो."

मी म्हटलं, "मग आधीचा कुणाचा होता, असं विचारतील."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. पण आपलं चुकलं असंही कधी म्हणाले नाहीत. काल ते तुझ्या फोटोसमोर बसले होते, एक हात सारखा सतरंजीवरून फिरवत.

आणि मग तू आलीस. पोट एवढं पुढे आलेलं, तीन जिने चढून. दारात कठड्याला धरून उभी राहिलीस, बोलायला पाच मिनिटं लागली तुला. मी म्हटलं, कशाला आलीस मरायला? तू म्हणालीस, "कल्याणचं मोडलं म्हणे?"

"मोडलं नाही. मीच नाही म्हटलं."

"का?"

"नाही आवडला मला."

"खरंच?"

"नाक बघितलंस का त्याचं? जन्मभर कोण बघणार ते."

"संध्या, माझ्याकडे बघून सांग. खरंच नव्हता आवडला?"

मी तुझ्याकडे बघून सांगितलं. तुझा चेहरा एकदम सैल झाला. तू हसलीस, आईने दिलेली भाकरी खाल्लीस आणि कुशीवर होऊन शांत झोपलीस. तुला कारण कळलेलं नाही असं मला वाटलं आणि बरं वाटलं. सातव्या महिन्यातली बाई, त्यात ती झडप, तिच्या डोक्यावर आणखी कशाला हे.

बाळंतपणात तुझे पाय सुजले, आडवं पडलं की श्वास पुरेना. मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. पल्लवी झाली आणि तू वाचलीस. सासूबाईंच्या लेखी तुझं दुखणं पल्लवीबरोबर जन्माला आलं. बाळंतपणात लागलं, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. चला, तुझं दुखणं निदान उजेडात आलं, औषधं उघड घेता यायला लागली. माझं होतं तिथेच राहिलं. पुढे दोन-चार स्थळं आली, तीही कुठून तरी ऐकून परत गेली. मग मला शाळेत क्लार्कची नोकरी लागली आणि लोकांनी विचारणं बंद केलं.

नव्वद साल उलटल्यावर त्याच डॉक्टरांकडे रंगीत मशीन आलं. तेव्हाचा दिवस आठवला की आत्ताही हसू येतं. सासूबाई कडेवर पल्लवीला घेऊन खोलीतच बसल्या होत्या. पडद्यावर तुझं रक्त लाल-निळं वाहत होतं आणि अरुंद झडपेतून त्याची अशी ज्योत निघत होती, स्टोव्हला पंप मारल्यावर निघते तशी. तू म्हणालीस, "बघा, आत स्वयंपाक चाललाय." डॉक्टरांनी विचारलं, "पुराना रिपोर्ट कुछ है?" तू सवयीने पिशवीतून काढून दिलास. मी तुझ्याकडे बघतच राहिले.

डॉक्टरांनी नाव वाचलं. "ये संध्या कौन?"

सासूबाई ऐकत होत्या. तू म्हणालीस, "बहन. ये खड़ी है."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इतने साल पहले इतना ख़राब वाल्व, और तू ऐसे ही घूम रही है? कोई दवा? कुछ नहीं? लेट जा, लेट जा जल्दी!"

मला त्यांनी ओढूनच टेबलावर घेतलं. तेवढ्यात पल्लवीने रडायला सुरुवात केली आणि सासूबाई तिला घेऊन बाहेर गेल्या. डॉक्टर यंत्र फिरवतायत, फिरवतायत. चष्मा काढून पुसला. पुन्हा फिरवलं. "ये तो एकदम नॉर्मल है. ये हो ही नहीं सकता. तूने किया क्या?" आणि तू स्टुलावर बसून पदर तोंडात कोंबून हसत होतीस, इतकी की तुलाच धाप लागली. मलाही आवरेना. छातीवर जेली, डोळ्यांतून पाणी. आपण दोघी इतक्या कधी हसलो होतो, सांग.

मग तू त्यांना खरं सांगितलंस. ते हसले नाहीत. "तुम लोग समझते क्या हो? एक तस्वीर से कुछ नहीं होता. पुरानी और नई साथ में रखो, तब पता चलता है बीमारी कितना आगे गई. बीच में कोई दूसरा डॉक्टर होता तो इसको तेरा काग़ज़ समझता ही नहीं." त्यांनी पेन काढलं, जुन्या रिपोर्टवर माझं नाव खोडलं, वर तुझं लिहिलं आणि सही केली. शोभा. तुझं नाव त्या कागदावर यायला एवढा काळ लागला.

त्या संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "सुटलीस बाई माझ्या दुखण्यातून."

माझ्या तोंडून गेलं, "आता सुटून काय करू?"

तुझा हात थांबला. "म्हणजे?"

"काही नाही. कुकर लाव."

तू कुकर लावलास. पण त्यानंतर कितीतरी दिवस तू माझ्याकडे काहीतरी विचारायचं असल्यासारखी बघायचीस, आणि मी दुसरीकडे बघायचे. हे आपलं भांडण अर्धंच राहिलं. मी तुझ्यावर रागावले होते, ताई. एकदम नाही, थोडी थोडी, वर्षानुवर्षं. तुझी बहीण का बसून राहिली, हे तुला एकदाही विचारावंसं वाटत नाही, असं मनात यायचं. आणि त्याच वेळी माझ्या काविळीत तू तुझं घर, पोर सोडून तीन आठवडे माझ्या उशाशी बसलीस, मला मुळ्याचा रस पाजत, हेही आठवायचं. मग राग धड राहायचा नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. फुगा घालून झडप उघडली, काही वर्षं चांगली गेली. तू पूल न थांबता चढायला लागलीस आणि मुद्दाम माझ्यापुढे चालायचीस. मग पुन्हा आवळत गेलं. गेल्या महिन्यात ते मशीन तुझ्या पलंगापाशी ढकलत आणलं, तेव्हा तू त्या मशीनवाल्या पोरीला पडदा माझ्याकडे वळवायला सांगितलंस. "बघ ग, किती थकलंय. मलाच त्याच्याकडे बघून दमायला होतं." मी तुझे पाय चेपत राहिले.

आता आजचं. दाजी पिशवीतले कागद सारखे करत होते. तो खाडाखोडीचा रिपोर्ट हातात आला, तो त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "तुझं नाव लागलं याला, याचं तिला फार लागायचं. मला तिने बस्त्याच्या दिवशीच सांगितलं होतं."

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. "काय सांगितलं होतं?"

"हेच. उल्हासनगरला दुकानात सगळ्या बायका साड्यांत होत्या. ही मला बाजूला घेऊन म्हणाली, मला हृदयाचा त्रास आहे, मशीनवर दिसलाय. नको असेल तर आत्ताच बोला, अजून बस्ता बांधला नाही. मी म्हटलं, चालेल. फक्त आईला कळू देऊ नकोस, ती लग्न मोडेल."

पहिल्यापासून माहीत होतं, ताई! ते पाणी भरत होते ते माहीत असल्यामुळे भरत होते. ज्या माणसापासून लपवायचं म्हणून बाबा खोटं बोलले, त्यालाच तू सगळं सांगून मोकळी झाली होतीस. आणि मी वेड्यासारखी खुर्चीत बसून होते.

मी विचारलं, "मग कल्याणचं स्थळ?"

दाजी खाली बघत म्हणाले, "काकूनेच येऊन सांगितलं तिला, पुण्य केल्यासारखं. ही म्हणाली, मी आत्ता आईंसमोर जाऊन खरं सांगते, मला नांदवलं नाही तरी चालेल, पण संध्याचं मोडू देणार नाही. मीच म्हटलं, आधी तिला तो मुलगा हवा होता का, ते तर विचार. म्हणून तशा अवस्थेत अंबरनाथला आली. परत आली तेव्हा केवढी खूश होती. म्हणाली, सुटले बाई, संध्याला तो आवडलाच नव्हता."

ते पिशवीला गाठ मारून गॅलरीत गेले. मी तिथेच फरशीवर बसले आहे.

तू घर मोडून घ्यायला तयार होऊन आली होतीस, आणि मला वाटलं तुला काही माहीतच नाही. तू तीनदा विचारलंस. मी तुला जपायला म्हणून बोलले, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. त्यात तुझं काय चुकलं? मग त्या स्वयंपाकघरात तुला शंका आली, तेव्हाही मी बोलले नाही. सासूबाई वारल्यावरही बोलता आलं असतं. हॉस्पिटलात पंधरा दिवस तू समोर होतीस. गोळ्या, सलाईन, लघवीचं भांडं, सगळ्यावर बोललो, एवढं सोडून. मी उगाच इतकी वर्षं तुझ्यावर रागावत राहिले आणि आता तो राग माझ्याच गळ्यात पडला आहे. मला फार झोप आली आहे, पण हे सांगितल्याशिवाय झोपणार नाही.

तो मला आवडला होता, ताई. खूप आवडला होता.